छापावर छाप : सिसिलीच्या कांस्य नाण्यांखाली दडलेली जुनी नाणी

कांस्यकण

नमस्कार मंडळी,

नाण्यांवरच्या धाग्यांत चर्चा होते ती बहुतेक सोन्याचांदीची. आज मुद्दाम कांस्य नाण्यांबद्दल लिहितोय, आणि त्यांतही विक्रेत्यांच्या यादीत 'अस्पष्ट' म्हणून तळाला पडलेल्या नाण्यांबद्दल. देवीच्या गालावरून भलत्याच माशाची शेपटी गेलेली, कडेला दोन शहरांच्या नावांची अक्षरं एकमेकांत अडकलेली. एका शहराचं चालतं नाणं घेऊन दुसऱ्या शहरानं त्यावरच आपला ठसा हाणलेला असतो. संग्राहक याला ओव्हरस्ट्राइक म्हणतात. ग्रीक जगात हे अनेक ठिकाणी झालं, पण इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या सिसिलीत ते इतकं ठसठशीत दिसतं की मी या धाग्यात तिथेच मुक्काम ठोकणार आहे.

आधी खालचं नाणं बघू. सिसिलीतल्या सिराक्यूज या ग्रीक शहराचा हुकूमशहा पहिला डायोनिसियस इ.स.पू. ४०५ ते ३६७ सत्तेवर होता. त्याच्या काळात तिथे एक जाडजूड कांस्य नाणं पाडलं गेलं. वजन ३० ग्रॅमच्या आगेमागे, कधी त्याहून बरंच जास्त, आणि व्यास साधारण ३ सेंटिमीटर. आपलं दहा रुपयांचं नाणं ८ ग्रॅमसुद्धा भरत नाही, म्हणजे हे हातात किती जड लागत असेल बघा. पुढच्या बाजूला कोरिंथियन शिरस्त्राण घातलेली अथेना देवी, डावीकडे तोंड केलेली. मागे आठ किरणांचा तारा आणि त्याच्या दोन बाजूंना दोन डॉल्फिन. याच काळातलं एक धाकटं नाणंही आहे, त्यावर अथेना आणि मागे समुद्रघोडा, म्हणजे पुढून घोडा आणि मागून मासा असलेला पुराणातला प्राणी.

ही नाणी सिसिलीभर पसरली. डायोनिसियसचं सैन्य म्हणजे मोठ्या प्रमाणात भाडोत्री शिपाई, आणि शिपाई जिथे जाईल तिथे त्याचा पगार जातो.

आता पुढची पिढी. धाकट्या डायोनिसियसच्या काळात सिराक्यूजमध्ये यादवी माजली, गावोगावी छोटे हुकूमशहा बसले. शेवटी सिराक्यूजच्या लोकांनी आपल्या मूळ शहराकडे, कोरिंथकडे, मदत मागितली आणि इ.स.पू. ३४४ मध्ये टिमोलिऑन हा सेनानी जेमतेम दहा जहाजं घेऊन सिसिलीत उतरला. पुढच्या काही वर्षांत त्यानं धाकट्या डायोनिसियसला कोरिंथला रवाना केलं, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या मोठ्या सैन्याचा क्रिमिसस नदीवर पराभव केला आणि एकेका शहरातला हुकूमशहा खाली ओढला. सिसिलियन इतिहासकार डायोडोरस सांगतो की केंतोरिपाचा निकोडेमस हाकलला गेला आणि अगिरिऑनचा अपोलोनियाडिस पायउतार झाला. डायोडोरस स्वतः अगिरिऑनचाच, म्हणजे आपल्या गावची ही गोष्ट तो जवळपास तीनशे वर्षांनी लिहितोय.

आणि नेमकी हीच गावं, केंतोरिपा, अगिरिऑन, एटनाच्या पायथ्याचं आद्रानोन, त्या वेळी स्वतःच्या नावानं मोठी कांस्य नाणी काढतात. कशावर? सिराक्यूजच्या त्या जाडजूड अथेना-तारा नाण्यांवर.

केंतोरिपाचं नाणं जरा जवळून बघा. पुढच्या बाजूला कणसांची माळ केसांत गुंफलेली पर्सेफोनी देवी, भोवती डॉल्फिन. मागे एक पाय उचललेला बिबट्या आणि 'केंतोरिपिनोन' ही अक्षरं, म्हणजे केंतोरिपाच्या लोकांचं. चांगला नमुना असेल तर पर्सेफोनीच्या मानेवर किंवा केसांत सरळ रेषा फाकत गेलेल्या दिसतात. केसांच्या रेषा वळणाच्या असतात, या ताठ असतात. ते खालच्या ताऱ्याचे किरण. कडेला एखादा तिसराच, जास्तीचा डॉल्फिन दिसतो, आणि त्याचं तोंड बाकीच्या डॉल्फिनांच्या रांगेत बसत नाही. नाणं उलटं करून तिरप्या उजेडात फिरवलं की बिबट्याच्या पोटाखाली अथेनेच्या शिरस्त्राणाची कड उमटून येते.

यातून काय मिळतं? सगळ्यात पक्का पुरावा: खालचं नाणं आधीचं, वरचं नंतरचं. इतिहासात इतक्या खात्रीनं सांगता येण्यासारख्या गोष्टी फार थोड्या. ग्रीक शहरांच्या कांस्य नाण्यांवर सन नसतो, राजाचं नाव बहुतेकदा नसतं. शैली बघून काळ ठरवायचा म्हटलं तर दहा अभ्यासकांची दहा मतं. या अथेना-तारा नाण्याचंच घ्या. जुन्या कॅटलॉगांत ते टिमोलिऑनच्या काळात टाकलेलं असे. तर्क सरळ होता: शिरस्त्राण कोरिंथियन, टिमोलिऑन कोरिंथचा, म्हणजे नाणं त्याचंच. पण ज्या गावांनी टिमोलिऑनच्या काळात आपली नाणी काढली, त्यांच्या ठशाखाली हेच नाणं झिजलेल्या अवस्थेत सापडतं. म्हणजे ते तोवर बरीच वर्षं लोकांच्या हातांतून फिरलेलं होतं. उत्खननांतल्या थरांनीही तेच सांगितलं, आणि आज ते डायोनिसियसच्या काळात धरलं जातं. एका शिरस्त्राणावरून बांधलेला तर्क झिजलेल्या कांस्याच्या चकत्यांनी मोडून काढला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

म्हणून म्हणतो, नाणं हातात आलं की आधी खालचा छाप वाचायला बसा. वरचा कोणीही वाचतो.

चर्चेला सुरुवात करू या.

---

मुग्धा_ठाणे

वा! कांस्य नाण्यांवर इतकं सविस्तर मराठीत पहिल्यांदाच वाचतेय. एक शंका. टांकसाळीत नाणं ठशाखाली हललं आणि हातोडा दोनदा बसला तरी चित्र दुहेरी दिसणारच ना? मग ते दुसऱ्या नाण्यावर मारलंय की तिथल्या तिथे दोनदा बसलंय, हे कसं ओळखायचं?

---

कांस्यकण

मुग्धाताई, अगदी मुद्द्याचा प्रश्न. हातोडा दोनदा बसला असेल तर दोन्ही वेळचं चित्र एकच असतं, फक्त सरकलेलं. पर्सेफोनीला दोन नाकं, दोन हनुवट्या. ओव्हरस्ट्राइकमध्ये खालचं चित्र वेगळंच असतं, वेगळ्या दिशेला फिरलेलं असतं, आणि पुढच्या बाजूखाली पुढचीच बाजू असेल असंही नाही. टांकसाळीतला माणूस चकती उचलून ठेवताना बाजू बघत बसत नव्हता.

तिसरा प्रकारही लक्षात ठेवा. आधीचं नाणं ठशात अडकून राहिलं आणि तसंच पुढचं मारलं तर एका बाजूला तेच चित्र खोलगट आणि आरशातल्यासारखं उलटं उमटतं. तो ओव्हरस्ट्राइक नव्हे.

चौथा म्हणजे छोटा शिक्का. काळ्या समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावरच्या पांतिकापायऑनमध्ये, म्हणजे आजच्या केर्चमध्ये, इ.स.पू. तिसऱ्या शतकात पैशाची मोठी ओढाताण झाली. तिथल्या सॅटर (अर्धा माणूस, अर्धा पशू असा वनदेव) आणि बैलाचं डोकं असलेल्या कांस्य नाण्यांवर एका बाजूला तारा आणि दुसऱ्या बाजूला धनुष्य-बाणांचा भाता, असे छोटे शिक्के ठोकलेले मिळतात. त्यात जुनं नाणं शाबूत राहतं, फक्त त्यावर मंजुरी उमटते. ओव्हरस्ट्राइकमध्ये जुनं नाणं पुसायचाच हेतू असतो, ते पुरतं पुसलं जात नाही हे आपलं नशीब.

---

तांबटआळी

मी नाण्यांचा अभ्यासक नाही. घरात तीन पिढ्या तांब्यापितळेचं काम झालं, म्हणून धातूच्या बाजूनं लिहितो.

भांडं मठारताना तांबं हातोड्याखाली कडक होत जातं. कडक झालेल्यावर मारत राहिलं की चीर जाते. म्हणून मध्ये मध्ये तापवून नरम करावं लागतं. कांस्याचं तर याहून कठीण, त्यात कथील असतं. त्यामुळे जुनं नाणं थंडच ठेवून त्यावर नवा ठसा मारला असेल तर ते कडेनं फुटणार. तापवूनच मारलं असणार. पण फार तापवलं आणि धातूत शिसं असलं तर तेही वाईट, शिसं आतून सुटतं आणि मारताना तुकडे पडतात. बेतानं तापवणं हेच यातलं कौशल्य. तुम्ही म्हणता त्या नाण्यांना कडेला चिरा असतात का?

---

कांस्यकण

तांबटआळी, असतात! केंद्राकडून कडेकडे जाणाऱ्या चिरा ओव्हरस्ट्राइकमध्ये खूप दिसतात, आणि तुम्ही दिलेलं कारण अगदी पटण्यासारखं आहे. एकदा पाडलेलं नाणं पुन्हा हातोड्याखाली गेलं की ते आणखी पसरतं, आणि कडेचा धातू आधीच ताणलेला असतो.

खालचा छाप नेमका कुठे शिल्लक राहतो याचा प्रश्न मला बरीच वर्षं पडला होता, तोही तुमच्या धंद्याच्या भाषेत सांगता येतो. ठशाचा सपाट भाग नाण्यावर पूर्ण जोरानं दाबला जातो, त्यामुळे मोकळ्या जागेतला जुना उठाव चेपून जातो. पण ठशात जिथे खोल खड्डा कोरलेला असतो, म्हणजे देवीचा गाल, मान, बिबट्याची बरगडी, तिथे धातू वर चढून खड्डा भरतो आणि ठशाच्या तळाला तो जेमतेम टेकतो. जोर कमी पडला तर टेकतही नाही. जुन्या नाण्याचा पृष्ठभाग तिथे तसाच राहतो. म्हणून नव्या देवीच्या गालावर जुन्या ताऱ्याचा किरण सापडतो. दुसरी जागा कडेची, नवा ठसा जुन्या नाण्यापेक्षा लहान असेल तर.

---

रानवाटा

लेख आवडला, पण तुम्ही यातलं राजकारण टाळलंय असं वाटतं. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कनं लिहिलंय की टिमोलिऑननं सिराक्यूजमध्ये हुकूमशहाचा बालेकिल्ला जमीनदोस्त करवला. पुढे पैशाची चणचण पडली तेव्हा हुकूमशहांच्या पुतळ्यांवर लोकांसमोर रीतसर खटले चालवून ते विकून टाकले, फक्त हिमेराच्या लढाईत कार्थेजला हरवणाऱ्या गेलॉनचा पुतळा सोडून दिला. ज्या काळात पुतळ्यांवर खटले चालतात, त्या काळात हुकूमशहाच्या नाण्याच्या तोंडावर हातोडा घालणं ही निव्वळ काटकसर कशी असेल? मला तरी हा सूडच दिसतो. आद्रानोनचंच बघा. टिमोलिऑननं तिथे विजय मिळवला तेव्हा देवळाचे दरवाजे आपोआप उघडले, देवाच्या हातातला भाला थरथरला आणि चेहऱ्यावर घाम आला, असं त्या लोकांनी सांगितल्याचं प्लुटार्कच म्हणतो. अशा भारलेल्या लोकांनी सिराक्यूजच्या अथेनेवर आपला अपोलो आणि त्याची वीणा मारली. हे निरोप देणारं नाणं आहे.

---

अभय_न्यूजर्सी

रानवाटा +१. बार कोखबाचं उदाहरण आठवलं. इ.स. १३२ ते १३५ मध्ये ज्यूंनी त्याच्या नेतृत्वाखाली रोमविरुद्ध उठाव केला तेव्हा त्यांनी सगळी नाणी रोमन आणि आसपासच्या ग्रीक शहरांच्या नाण्यांवरच मारली. सम्राटाच्या डोक्यावर मंदिराचं चित्र आणि जेरुसलेमच्या मुक्तीची घोषणा. काही नमुन्यांत सम्राटाचा चेहरा अर्धवट डोकावतो. याला काटकसर म्हणवत नाही.

---

कांस्यकण

अभय, रानवाटा, दोघांशीही मनापासून वाद घालायचाय.

बार कोखबाच्या बाबतीत राजकारण उघड आहे, कारण वरचे शब्दच तसे आहेत. पण तिथेही एक साधी अडचण होती: उठाववाल्यांच्या हातात खाण नाही, बाजारातून आलेली नाणी तेवढी आहेत. धातू मिळायचा एकमेव मार्ग तोच होता. हेतू आणि गरज दोन्ही एकत्र नांदू शकतात.

सिसिलीत मात्र सूडाची गोष्ट मला पटत नाही, आणि त्याचं कारण नाण्यावरच आहे. केंतोरिपानं सिराक्यूजच्या अथेनेवर काय मारलं? पर्सेफोनीचं डोकं. ते डोकं कुठून आलं? सिराक्यूजच्याच चांदीच्या दहा द्राख्मांच्या नाण्यावरून. युआइनेटॉस या कारागिरानं कोरलेलं ते डोकं, भोवतीच्या डॉल्फिनांसकट, त्यांनी उचललं. ज्यांना सिराक्यूजची खूण पुसायची आहे ते लोक सिराक्यूजचं सगळ्यात प्रसिद्ध चित्र स्वतःच्या नाण्यावर कशाला घालतील? त्यांना सिराक्यूजचा मान हवा होता. नाव मात्र आपलं हवं होतं.

माझ्या मते खरं कारण बाजारात आहे. कांस्य नाण्याची किंमत त्यातल्या धातूपेक्षा ते काढणाऱ्या शहराच्या शब्दावर जास्त अवलंबून असते. डायोनिसियसनं हे जड नाणं धातूच्या भावापेक्षा चढ्या भावानं चालवलं असेल, तर त्याची सत्ता गेल्यावर तो शब्द पाळायला मागे कोणी उरत नाही. लोकांच्या घरात जड नाण्यांचे ढीग पडून, आणि त्यांचा भाव काय हे कोणालाच माहीत नाही. नव्यानं मोकळं झालेलं गाव ती नाणी गोळा करतं, आपला ठसा मारतं आणि म्हणतं, आमच्या वेशीच्या आत हे चालेल. गावाला नव्यानं धातू वितळवायचा, साचे करायचे, चकत्या ओतायच्या, यातलं काहीच करावं लागत नाही. वजनही साधारण तेच राहतं. नाणं किती किमतीचं धरायचं यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत, पण गावानं ते ठरवलं असणार याबद्दल मला शंका नाही.

पुतळ्यांचा दाखला छान दिलात. पण त्या खटल्यांच्या शेवटी काय झालं? पुतळे विकले. पैशाची गरज होती म्हणून. तिथेसुद्धा संताप आणि व्यवहार हातात हात घालून गेले.

---

रानवाटा

पर्सेफोनीचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण आद्रानोनच्या बाबतीत माझं म्हणणं मी सोडत नाही. :)

---

शिल्पा_म

रोमनांनी हेच मोठ्या प्रमाणात केलं ना? कार्थेजविरुद्धच्या दुसऱ्या प्युनिक युद्धाच्या वेळी?

---

कांस्यकण

हो शिल्पाताई, आणि पुन्हा त्याच सिसिलीत. सिराक्यूजचा दुसरा हिएरॉन दीर्घायुषी राजा, रोमचा पक्का मित्र. त्याच्या कांस्य नाण्यांवर समुद्रदेव पोसायडॉनचं डोकं आणि मागे त्रिशूळ. इ.स.पू. २१५ मध्ये तो गेला, सिराक्यूज कार्थेजच्या बाजूला झुकलं, आणि रोमन सेनापती मार्सेलसनं ते २१२ मध्ये जिंकलं. आर्किमिडीस मारला गेला तो याच वेळी. त्यानंतरच्या रोमन सैन्याच्या कांस्य नाण्यांत धान्याच्या कणसाची खूण असलेली एक मालिका सिसिलीत काढलेली आहे, आणि त्यांतली कित्येक नाणी हिएरॉनच्या पोसायडॉन-त्रिशूळावर मारलेली आहेत. वरच्या रोमन जहाजाच्या नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, चित्राखालून त्रिशूळाचे दात निघालेले स्पष्ट दिसतात. सार्डिनियातल्या रोमन टांकसाळीनं तेच कार्थेजच्या नाण्यांवर केलं.

या ओव्हरस्ट्राइकांचा फायदा असा की रोमन नाण्यांचं वजन युद्धात कसकसं घसरत गेलं त्याचा क्रम लावता येतो. खालच्या नाण्याचा काळ ठाऊक असेल तर वरचं त्याच्या आधीचं असूच शकत नाही.

ग्रीसमध्येही बिओशियाच्या संघानं इ.स.पू. तिसऱ्या शतकात मॅसेडोनियाच्या राजांच्या कांस्य नाण्यांवर आपली डिमिटर आणि पोसायडॉन मारले. त्यात फार शिरत नाही, तो वेगळ्या धाग्याचा ऐवज आहे.

---

गोदाकाठ

धागाकर्ते, आपल्याकडचं उदाहरण कोणीच काढलं नाही म्हणून मी काढतो. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा ढीग सापडला. सुमारे १३,२५० नाणी, सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची. आणि त्यातल्या सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप मारलेला. एका बाजूला कमानींचा डोंगर, ज्याला आपण चैत्य म्हणतो, आणि दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे टोकांना गोल असलेली फुली. हे चांदीचं आहे, कांस्य नाही, पण ग्रीकांशी संबंध आहे, कारण नहपानाच्या नाण्यावर चेहऱ्याभोवती ग्रीक लिपीतच अक्षरं असतात! मागे ब्राह्मी आणि खरोष्ठी. म्हणजे गौतमीपुत्राच्या चैत्याखालून ग्रीक अक्षरं डोकावतात.

आणि रानवाटांच्या बाजूनं मला हेही म्हणायचंय की इथे सूड नक्की आहे. नाशिकच्या पांडवलेण्यात गौतमीपुत्राच्या आईच्या, बलश्रीच्या, लेखात तो 'खखरातवसनिरवसेसकर' आहे, म्हणजे क्षहरातांचा वंश निःशेष करणारा. हे लेण्यातल्या भिंतीवर कोरून ठेवलंय.

---

मुग्धा_ठाणे

गोदाकाठ, अंगावर काटा आला. लहानपणापासून पांडवलेणी पाहतेय, पण त्या लेखाचा आणि नाण्यांचा असा संबंध कधी लावला नव्हता.

---

कांस्यकण

गोदाकाठ, हा प्रतिसाद आल्याबद्दल मनापासून आभार. जोगलटेंभीचा ढीग म्हणजे ओव्हरस्ट्राइकच्या अभ्यासात जगात कुठेही मानानं सांगावं असं उदाहरण आहे. नहपान आणि गौतमीपुत्र समकालीन होते आणि गौतमीपुत्रानं त्याला हरवलं, हे लेखावरून म्हणता येतं, पण कवींची अतिशयोक्ती म्हणून कोणी ते बाजूला ठेवू शकला असता. नाण्यांनी ती वाट बंद केली.

सूड आहेच, लेखातले शब्द वाचल्यावर नाकारता येत नाही. तरी मला एक गोष्ट लक्षणीय वाटते. गौतमीपुत्रानं नाणी वितळवली नाहीत. चेहरा पूर्ण मोडला नाही. छाप मारून तीच नाणी चालू ठेवली, कारण व्यापाऱ्यांना या वजनाची, या चांदीची सवय झाली होती. 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशाच्या टिपणात भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर या ग्रीक राजांची जुनी द्राख्मा नाणी तेव्हाही चालतात असं लिहिलंय. पश्चिम किनाऱ्यावरच्या बाजारात नाणं राजापेक्षा जास्त जगत होतं, आणि नव्या राजाला ते माहीत होतं.

---

सुतारपक्षी

अपोलोडोटसचं नाव आलंच आहे तर हिंद-ग्रीकांचंही, म्हणजे अफगाणिस्तान आणि वायव्य भारतातल्या ग्रीक राजांचंही, सांगा ना. त्यांच्यात पण हे आहे असं ऐकलंय.

---

कांस्यकण

भरपूर आहे, आणि तिथे तर याच्याशिवाय पानच हलत नाही. बहुतेक हिंद-ग्रीक राजांबद्दल लेखी साधनांत एक ओळसुद्धा नाही. कोण आधी, कोण नंतर, हे ठरवायला नाणीच हाताशी.

सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे युक्रेटायडिसचं चौकोनी कांस्य नाणं. पुढे राजा, मागे सिंहासनावर बसलेली देवता, शेजारी हत्तीचं डोकं आणि खरोष्ठीत 'काविसिये नगर देवता', म्हणजे कापिशीची नगरदेवता. यातली काही नाणी अपोलोडोटसच्या कांस्य नाण्यांवर मारलेली आहेत. कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेचं बेग्राम. युक्रेटायडिसनं तो प्रदेश घेतला आणि तिथे फिरत असलेली अपोलोडोटसची नाणी आपली करून घेतली, हे त्या एका चौकोनी तुकड्यावरून कळतं. रोमन इतिहासकार दोन ओळींत उरकतात ते इथे हातात धरता येतं.

दुसरं हेलिओक्लिसचं. या नावाचा एक राजा बॅक्ट्रियात, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानात, होता. पण हेलिओक्लिस नावाच्या राजानं स्ट्रेटो आणि अगाथोक्लिया या हिंद-ग्रीक राज्यकर्त्यांच्या नाण्यांवर आपला ठसा मारलेला मिळतो, आणि ती दोघं बॅक्ट्रियातल्या हेलिओक्लिसच्या नंतरची ठरतात. मग हा हेलिओक्लिस दुसराच असला पाहिजे, नाहीतर हिशेब जुळत नाही. एका राजाचे दोन राजे झाले ते असे.

---

तांबटआळी

हे सगळं वाचून एक विचारतो. वितळवणं एवढं महाग होतं का? आमच्याकडे मोड वितळवून पुन्हा पत्रा करणं रोजचं होतं.

---

कांस्यकण

महाग होतं, त्याहून वेळखाऊ होतं. कोळसा, मुशी, साचे, आणि शिवाय वजन. ओतलेल्या चकत्या एका वजनाच्या यायला हव्यात. आधीच्या टांकसाळीनं ते काम करून ठेवलेलं असतं. युद्ध चालू आहे, शिपायांना महिन्याअखेर पैसे द्यायचेत, अशा वेळी तयार चकतीसारखं दुसरं काही नाही. तुम्ही मघाशी बेतानं तापवण्याबद्दल लिहिलंत, त्यावरूनच वाटतं की टांकसाळीत असा माणूस हमखास असणार ज्याला रंग बघून कळायचं की आता पुरे. सिसिलीतल्या काही नाण्यांवर खालचा छाप जवळजवळ नाहीसा झालेला असतो, काहींवर अर्धाअधिक शाबूत. एकाच गावाच्या, एकाच ठशाच्या नाण्यांत हा फरक दिसतो. त्यामुळे तो हुकमाचा नसून तापवणाऱ्याच्या हाताचा असावा असं मला वाटतं.

---

अभय_न्यूजर्सी

फोटोवरून खालचं नाणं ओळखायची काही पद्धत? इथल्या संग्रहालयाच्या वेबसाइटवर मोठे फोटो आहेत, पण मला रेघांपलीकडे काही दिसत नाही.

---

कांस्यकण

आहे. आधी वजन आणि व्यास बघ, त्यावरून कोणती नाणी खाली असू शकतात त्यांची यादी छोटी होते. ३० ग्रॅमच्या नाण्याखाली समुद्रघोड्याचं धाकटं नाणं असणार नाही. मग वरच्या चित्रात न बसणारी एकच रेघ पकड: ताठ किरण, ठिपक्यांच्या वर्तुळाचा तुकडा, एखादं अक्षर. संशयित नाण्याचा स्वच्छ फोटो घेऊन तो फोटो-एडिटरमध्ये अर्धपारदर्शक कर, वर ठेव आणि हळूहळू पूर्ण वर्तुळ फिरव. एक रेघ जुळली तर योगायोग असू शकतो. तीन जुळल्या, आणि त्यांतली एक कडेची असली, की बसलं. दुसऱ्या बाजूनंही तोच कोन जुळतो का ते तपास. मूळ नाण्याच्या दोन बाजूंचा एकमेकींशी जो कोन होता तो खालच्या छापातही कायम राहतो.

आणि वेगवेगळ्या दिशेच्या उजेडातले दोन फोटो मिळाले तर काम निम्मं होतं.

---

गोदाकाठ

नाशिककडच्यांसाठी: अंजनेरीच्या नाणेसंशोधन संस्थेत नाण्यांचं संग्रहालय आहे. त्र्यंबकेश्वरला जाताना वाटेवरच लागतं. सुट्टीत मुलांना घेऊन जाणार आहे, कोणाला यायचं असेल तर व्यनि करा.

---

मुग्धा_ठाणे

मी येणार! कांस्यकण, तिथे किंवा मुंबईच्या संग्रहालयात नहपान-गौतमीपुत्राचं नाणं बघायला मिळालं तर नेमकं काय शोधू?

---

कांस्यकण

मुग्धाताई, आधी चेहऱ्याची बाजू बघा. चैत्याच्या कमानींच्या मधून नाक, डोळा किंवा मानेची रेघ दिसते का ते शोधा. मग कडेनं नजर फिरवा, ग्रीक अक्षरांचे तुकडे तिथेच उरतात, कारण छाप मधोमध बसतो. दुसऱ्या बाजूला नहपानाचं वज्र आणि बाण असतात, त्यांवर उज्जैन चिन्हाची गोल टोकं आलेली असतात. बाणाचं टोक चिन्हाच्या बाहेर निघालेलं दिसलं तर त्याचा फोटो इथे नक्की टाका.